धाकटीचं पत्र

"सोडू का हो, बाई?"

म्हाताऱ्याचा चेहरा तांबडाबुंद झाला होता. छाती प्लेटला टेकवून, हनुवटी वर धरून, दोन्ही कोपरं पुढे काढून तो सांगितल्याबरहुकूम उभा होता, आणि एवढा एक प्रश्न विचारण्यापुरताच श्वास त्यानं काटकसरीनं बाहेर सोडला होता.

एक्स-रे विभागातल्या काचेमागे ती दचकली. बटण केव्हाच दाबून झालं होतं. कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरलेल्या फोनवर थोरला बोलत होता. पोट दुखतंय म्हणून त्यानं आज शाळा बुडवली होती आणि आता त्याला खेळायचे बूट सापडत नव्हते.

"सोडा, काका, सोडा! झाला फोटो."

"तुम्ही 'धरा' म्हणालात. 'सोडा' म्हणालाच नाहीत."

"चुकलं माझं. बसा थोडं. पाणी देऊ?"

म्हातारा बाकावर बसला आणि शर्टाची बटणं लावत म्हणाला, "छाती धड असणार बघा माझी. एवढा वेळ कुणी धरत नाही."

तिनं फोनमध्ये सांगितलं, "पलंगाखाली बघ, उजव्या कोपऱ्यात. आणि पोट दुखतंय तर बूट कशाला हवेत तुला?" पण थोरल्यानं 'उजव्या कोपऱ्यात' इथेच फोन ठेवला होता.

म्हातारा गेल्यावर तिनं रुग्णांच्या यादीखाली सरकवलेला कागद वर ओढला. तिसरं पान अर्धं भरलं होतं. बुटांचा राग ताजा होता, तो तिनं तिथल्या तिथे पत्रात उतरवला.

पत्र थोरल्यालाच होतं. शाळेचं शिबिर रविवारी निघणार होतं, आठ दिवसांचं. दोन्ही मुलं जाणार होती; थोरला पंधरा वर्षांचा, धाकटी बारा. शाळेनं पालकांना बंद पाकिटातून चिठ्ठी पाठवली होती. आपल्या पाल्यास वैयक्तिक पत्र लिहावे. मनातले लिहावे. स्वहस्ते लिहावे. पाल्यास कळू देऊ नये. शिबिराच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात आपापल्या घरचं पत्र पडणार होतं, आणि त्यासाठी पाकिटं शुक्रवारपर्यंत शाळेत पोहोचायला हवी होती. आज बुधवार होता.

चिठ्ठी वाचून नवरा म्हणाला होता, "तू लिही. मी खाली सही करतो. जॉइंट खात्यासारखं." तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. नट-बोल्टांच्या यादीपलीकडे त्यानं गेल्या दहा वर्षांत काही लिहिलेलं नव्हतं.

थोरल्याचं पत्र मात्र आपोआप लिहून होत होतं. सकाळपासून दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तिनं ते पळवत आणलं होतं. गणितातले गुण, गच्चीवरून मारलेली उडी, गॅसवर विसरलेलं दूध, खोटं बोलताना कान लाल होण्याची त्याची खोड, तो सहा वर्षांचा असताना बाजारात हरवला आणि सापडल्यावर उलट तिच्यावरच ओरडला ते. शेवटी दोन ओळी अशा आल्या की त्या लिहिताना तिला पदर नसताना पदर शोधावासा वाटला. तिनं ॲप्रनच्या बाहीनं डोळे पुसले, पानांची घडी केली आणि नवा कागद घेतला.

धाकटीचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं: तू शहाणी आहेस. अभ्यास वेळेवर करतेस. वस्तू जागच्या जागी ठेवतेस. तुझी मला कधी काळजी करावी लागली नाही.

इथे घोडं अडलं.

तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. उठून प्लेट पुसून आली. मग परत बसून तेच वाचलं.

"बघू," शेजारच्या खुर्चीतून मोठ्या बाई म्हणाल्या. त्या विभागातल्या सगळ्यांत जुन्या. या विभागात कागद लपवून काही लिहिलं आणि त्यांनी ते वाचलं नाही, असं आजवर झालेलं नव्हतं. त्यांनी चार ओळी वाचल्या, चष्मा काढला. "पोरगी अर्ज कुठे करतेय?"

"म्हणजे?"

"शिफारसपत्र झकास झालंय गं. मी असते तर उद्यापासून कामावर ये म्हटलं असतं."

ती हसली. कागद फाडून टोपलीत टाकला आणि हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून तिनं पुढच्या रुग्णाला हाक मारली.

पुढची रुग्ण बारा-तेरा वर्षांची मुलगी निघाली, मनगट सुजलेली. टेबलावर हात नीट ठेवताना तिनं विचारलं, "कशी पडलीस?" मुलीनं सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. शाळेमागची भिंत, भिंतीवर कोण आधी चढलं, पैज काय होती, खाली कुणाचं कुत्रं होतं. दारातून मुलीची आई म्हणाली, "पुरे की! त्यांना काम करू दे." पण ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिच्या मनात आलं, धाकटी कधी भिंतीवर चढत असेल का? चढत असेलही. नसेलही. तिनं प्लेटवर उजव्याऐवजी डाव्या हाताची खूण ठेवली आणि फोटो पुन्हा काढावा लागला.

"आज तुझं चित्त कुठंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

संध्याकाळी ती घरी पोहोचली तेव्हा धाकटी जेवणाच्या टेबलाशी वह्यांना कव्हरं घालत होती. ती खांद्यावरची पिशवी न काढताच समोरच्या खुर्चीत बसली.

"आज शाळेत काय झालं?"

धाकटीची कात्री थांबली. "का?"

"का काय? सहज."

"काही नाही. नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे काय, ते तरी सांग."

"गणित, भूगोल, मधली सुट्टी. मग विज्ञान." तिनं आठवून, नीट क्रमानं सांगितलं. "आई, तुला काही आणून हवंय का?"

"नाही गं. का?"

"तू बसलीस म्हणून."

ती काही बोलणार तोच दार आपटलं आणि थोरला आत आला. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. चेंडूला लाथ मारताना बूटच सुटला होता आणि कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडच्या पाण्याच्या टाकीत जाऊन पडला होता. "टाकीत? पिण्याच्या?" ती ओरडली, पिशवी खुर्चीवर टाकली, आणि मग घरात जे व्हायचं ते झालं. शेजाऱ्यांची माफी, शिडी, आकडा, कामावरून नुकत्याच आलेल्या नवऱ्याला तसंच उलटपावली खाली नेणं.

शिडी तिनं दोन्ही हातांनी धरली. नवरा वर चढून लोखंडी आकड्यानं टाकीत चाचपत होता. थोरला केव्हाच पसार झाला होता.

"तिला काय आवडतं रे?" तिनं खालून विचारलं.

"कुणाला?"

"धाकटीला."

"वाचायला."

"काय वाचायला?"

वरून थोडा वेळ फक्त पाण्याचा आवाज आला. "पुस्तकं," नवरा म्हणाला.

"आणि भीती कशाची वाटते?"

"पालीची."

"ती थोरल्याला."

"मग हिला कशाची?"

"मी तुला विचारतेय."

त्यानं आकडा बाहेर काढला, पाणी निथळू दिलं आणि खाली वाकून तिच्याकडे पाहिलं. "आमच्याकडे प्रत्येक लिफ्टची फाईल असते," तो म्हणाला. "सारखी बंद पडणारी असते ना, तिची फाईल ही एवढी जाड. कुठल्या मजल्यावर ती कशी कुरकुरते ते मला पाठ असतं. आणि कधीच बंद न पडणारीची फाईल उघडली तर आत पत्ता आणि बसवल्याची तारीख."

"मग तिच्याकडे जातच नाही तुम्ही?"

"नियमानं जायला पाहिजे." आकड्याला बूट लागला, त्यानं तो हळूहळू वर ओढला. "पण कुणाचा फोनच येत नाही, तर राहून जातं."

दोघांनी शिडी शेजाऱ्यांना परत केली. वर आले तेव्हा टेबल स्वच्छ पुसलेलं होतं. कव्हरांचे कपटे टोपलीत गेले होते. तिची खुर्चीवर टाकलेली पिशवी खुंटीला अडकवलेली होती, आणि धाकटीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती दारापर्यंत गेली. दार ढकलायला हात उचलला. आत जाऊन काय विचारायचं हे तिला सुचेना, म्हणून तिनं दाराच्या चौकटीवरची नसलेली धूळ झटकली आणि परत आली.

गुरुवारी दुपारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

"बरं नाही का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बरं आहे."

"मग?"

"लेकीला शाळेतून आणते."

"बारा वर्षांच्या घोडीला?"

"हो," ती म्हणाली.

बसमध्ये तिला बसवेना. जागा असून ती दांडीला धरून उभी राहिली आणि दोन थांबे आधीच उतरून चालायला लागली. आपण काही पाळत ठेवायला जात नाही, हे तिनं स्वतःला दोनदा बजावलं. शाळा सुटली की हाक मारायची, बरोबर घरी यायचं, वाटेत काही खायचं. एवढंच. बोलता बोलता पत्रापुरतं काहीतरी सापडेल. ताकाला तूर लागू न देणारी पोर असली, तरी रस्त्यात माणूस जरा मोकळं बोलतं.

फाटकासमोरच्या वह्या-पेनांच्या दुकानापाशी ती थांबली. घंटा झाली. मुलं लोंढ्यानं बाहेर पडली. त्यात धाकटी दिसली आणि तिनं हात वर केला. पण हाक मारायच्या आधीच तो हात खाली आला.

धाकटी वेगळी चालत होती. घरात ती अशी वावरायची की खोलीत कधी आली हे मागून कळायचं. इथे तिनं दप्तर एकाच खांद्यावर टाकलं होतं, उलटी चालत समोरच्या दोन मैत्रिणींना हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली तेव्हा तिनं त्यालाच हात करून थांबवलं. मैत्रिणी हसत होत्या. तिघी बसथांब्याकडे वळल्या नाहीत. मैदानाच्या कडेनं मागे गेल्या.

ती त्यांच्या मागोमाग निघाली. स्वतःच्याच पोरीच्या मागे चोरासारखं जाताना तिची चप्पल फार वाजते आहे असं तिला वाटलं.

मैदानामागे पोहण्याचा तलाव होता, दुरुस्तीसाठी बंद असलेला. तिकिटाच्या खिडकीची खोली रिकामी होती. तिघी खोलीच्या पुढच्या अंगाला पायऱ्यांवर गेल्या. ती मागच्या अंगाला भिंतीशी थांबली. तिथल्या फुटक्या झरोक्यातून, रिकाम्या खोलीपलीकडच्या तिकिटाच्या खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या.

धाकटीनं मैत्रिणींना पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीला छाती टेकवून उभं केलं होतं.

"हनुवटी वर. वर म्हणजे वर, माझ्याकडे काय बघताय? खांदे पुढे. अजून. हं. आता मोठ्ठा श्वास घ्या... धरा!"

आवाज तिचा होता. धाकटीचा नव्हे, तिचा स्वतःचा. तो नाकातला 'हं', 'अजून'मधली ती घाई, 'धरा' म्हणताना आवाजाला येणारी धार. सुट्टीत दोन-चारदा धाकटी तिच्याबरोबर विभागात येऊन बसली होती, कोपऱ्यात पुस्तक उघडून. पुस्तकातून मान वर करताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

मैत्रिणी गाल फुगवून उभ्या राहिल्या. धाकटी चार पावलं मागे गेली आणि तिनं कान खांद्याला टेकवला.

"हॅलो. हां, बोल रे राजा. काय सापडत नाही? कपाटात बघ. नाही? मग दोरीवर बघ. अरे, डोळे आहेत की बटणं? डबा खाल्लास? खरं सांग. कान लाल झाले असतील तुझे, मला इथून दिसतात." बोलता बोलता ती भराभरा इकडून तिकडे फिरत होती, हवेतल्या हवेत काहीतरी पुसत होती, काहीतरी उचलून तिथेच ठेवत होती. "थांब, मीच येते. नाही, नको, तू हलू नकोस. गॅस बंद केलास का?"

पहिली मैत्रीण फुटली. हसत खालीच बसली. दुसरीनं आणखी थोडा दम काढला आणि मग तीही धापा टाकत वळली. "अगं, सोडा म्हण की! मेले मी!"

"ते म्हणायचं राहिलं," धाकटी म्हणाली. तिघी पोट धरधरून हसल्या. धाकटीचं हसणं मोठं होतं, खालच्या पट्टीतलं, पुरुषी म्हणावं असं. घरात ते तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"आता तू उभी राहा."

धाकटी भिंतीशी उभी राहिली. हनुवटी वर, खांदे पुढे. डोळे मिटलेले. एका मैत्रिणीनं फोन कानाला लावला. तिला नक्कल जमत नव्हती. 'कपाटात बघ, दोरीवर बघ' एवढंच ती घोळवत राहिली आणि ते संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दुसरी मैत्रीण बोटांवर आकडे मोजत होती. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, परत पहिला हात आला. धाकटी हलली नाही. तिच्या पाठीवर शर्ट एकदाही वरखाली झाला नाही.

झरोक्यामागे तिच्या ओठांवर 'सोडा' आलं. वीस वर्षं, दिवसातून पन्नास वेळा म्हटलेला शब्द. तो बाहेर पडला नाही.

शेवटी धाकटीनं डोळे उघडले आणि श्वास सोडला. धाप न लागता, हळूच, जसं कुणी पाण्याचा पेला खाली ठेवावा.

"कशी गं एवढा वेळ धरतेस तू?"

"सराव," धाकटी म्हणाली आणि दप्तर उचललं.

ती मागच्या मागे निघाली. बस पकडली नाही. कुठल्या रस्त्यानं घरी आली ते तिला नंतर आठवलं नाही, पण ती पोहोचली तेव्हा धाकटी आधीच येऊन, हातपाय धुऊन टेबलाशी बसली होती, आणि पुन्हा खोलीत असून नसल्यासारखी झाली होती.

"आज लवकर सुटलीस?" धाकटीनं विचारलं.

"हो."

"दमलेली दिसतेस." तिनं उठून पाणी आणून दिलं. "दादाचा फोन येऊन गेला. त्याला सरावाला उशीर होणार आहे. मी त्याला सांगितलं, तुला सांगते म्हणून."

"बरं," ती म्हणाली. पेला हातात घेतला. धाकटी परत खुर्चीकडे वळली होती. "ऐक ना."

"काय?"

दहा-बारा प्रश्न एकदम दाराशी येऊन अडकावेत तसं झालं. "काही नाही," ती म्हणाली. "पाणी चांगलं गार आहे."

धाकटीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मान डोलावली.

शुक्रवारी ती वेळेआधी कामावर आली. विभागात कुणी नव्हतं. यंत्र अजून सुरू केलं नव्हतं. तिनं उभ्या उभ्याच लिहायला घेतलं, कारण बसलं की हात थांबत होता.

तिनं लिहिलं:

"तुझ्या दादाला तीन पानं लिहिली. तुला लिहायला घेतलं तर चार ओळींत संपलं. मला आधी वाटलं, तुझ्याबद्दल तक्रारच नाही म्हणून संपलं. मग लक्षात आलं, तुला काय आवडतं, कशाची भीती वाटते, तू कशावर हसतेस, यातलं मला काही लिहिता येत नाहीये. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. पण विचारायचं काम माझं होतं. शिबिराहून आलीस की एक अख्खा दिवस मला दे. तू म्हणशील तिथे जाऊ. फोन घरी ठेवेन. आणि तू जे धरून ठेवलंयस ते माझ्यासमोर सोडलंस तरी चालेल. माझ्यावर ओरडलीस तरी चालेल."

खाली 'आई' लिहिलं. आणखी काहीतरी हवं होतं. ती खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शिक्का, तारीख, यादी, सगळं उगाचच सरळ करून ठेवलं. तेवढ्यात पहिला रुग्ण खोकत दारात उभा राहिला आणि तिनं कागद आहे तसा पाकिटात घातला.

मधल्या सुट्टीत ती शाळेत गेली. शिबिराचे सर शिक्षकांच्या खोलीत जमिनीवर बसून दोरखंडांची वेटोळी करत होते. आजूबाजूला तंबूंच्या पिशव्या, शिट्ट्यांचा गुच्छ, मलमपट्टीची पेटी. टेबलावर बुटांच्या खोक्यात पाकिटं वर्गवार लावून ठेवलेली होती.

"या, या. आज शेवटचाच दिवस," सर गुडघ्यावर हात टेकून उठले. "थोरल्याचं राहिलं होतं. मी संध्याकाळी फोन करणारच होतो."

"दोघांचंही आणलंय."

"चिकटवलंय ना? मग जोडावर सही करा. म्हणजे वाटेत कुणी उघडलं तर कळतं. मुलं काय, महाबिलंदर असतात."

तिनं थोरल्याच्या पाकिटावर सही केली. दुसरं पाकीट पुढे ओढलं. सर खोक्यातली पाकिटं बोटांनी चाळत होते.

"धाकटीचं तर आलंय की."

"आलंय?"

"सोमवारीच. सगळ्या शाळेत पहिलं." सर हसले. "तिनंच आणून दिलं, आईनं दिलंय म्हणून. आम्ही आपलं चिठ्ठीत लिहितो, पाल्यास कळू देऊ नये. पण मागच्या वर्षी जाऊन आलेली मुलं सगळं फोडतात. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि वर अळीमिळी गुपचिळी. हे बघा."

त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं.

पाकीट जाड होतं. आत चार तरी कागद असावेत, कदाचित पाच. वर धाकटीचं नाव, इयत्ता, तुकडी. अक्षर उजवीकडे कललेलं. शिरोरेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे जरा लांबवलेली. ही खोड तिची, लहानपणापासूनची, मास्तरांचा मार खाऊनही न गेलेली. तिनं पाकीट उलटं केलं. जोडावर सही होती. पहिल्या अक्षराचा मोठा वळसा, मधला तो घाईतला झोल, खाली दोन टिंबं. तिचीच सही.

थोरल्याची शाळेची डायरी दर शनिवारी भांडणासकट सहीसाठी तिच्यासमोर यायची. धाकटीची डायरी शेवटची कधी आली होती? वर्ष झालं असेल. दोन वर्षं. सह्या तर तिच्याही डायरीत दर आठवड्याला लागत होत्या.

"मग हे कसलं?" सरांनी तिच्या पातळ पाकिटाकडे बोट केलं. "दोनदा लिहिलंत की काय? तसं प्रत्येकी एकच द्यायचं असतं. एक कुठलंतरी परत घेऊन जा."

ती जाड पाकिटाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. डिंक चारही बाजूंनी नीट लावलेला होता, कुठे कोपरासुद्धा सुटलेला नव्हता. ते पिशवीत टाकायला कुणी अडवलं नसतं. खिडकीतून ऊन येत होतं, आणि हाताच्या सवयीनं तिनं पाकीट उजेडापुढे धरलं, छातीचा फोटो धरावा तसं. आत ओळींवर ओळी चढलेल्या होत्या, अक्षर न अक्षर एकमेकांत गुंतलेलं. काही वाचता येत नव्हतं. फक्त एवढं दिसत होतं की कुठल्याच पानावर जागा सोडलेली नाही.

तिनं पाकीट खाली घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "परत नको. दोन्ही द्या तिला."

"दोन्ही? बरं. आधी कुठलं देऊ?"

"तिला ठरवू दे."

सरांनी खांदे उडवले. "मग यावरही सही लागेल."

तिनं पातळ पाकिटाच्या जोडावर पेन टेकवलं. पहिलं अक्षर फार मोठं आलं. मधेच हात अडखळला, रेघ जोड सोडून खाली घसरली, आणि दोन टिंबांपैकी एकच उमटलं. सरांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी धरली. चष्मा कपाळावर चढवून आधी जाडावरची सही बघितली, मग पातळावरची.

"ही जरा वेगळी वाटते," ते शाई ओली असलेल्या सहीकडे बघत म्हणाले.

"दोन्ही माझ्याच आहेत, सर."

"नाही, नाही, तसं नाही. मी आपलं सहज म्हटलं." त्यांनी दोन्ही पाकिटांना मिळून एक रबर लावलं आणि खोक्यात धाकटीच्या वर्गाच्या जागी ठेवून दिलं. मग ते पुन्हा दोरखंडाकडे वळले.

ती दारापर्यंत जाऊन थांबली. पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"पाचव्या दिवशी किती वाजता देता पत्रं?"

"जेवणं आधीच उरकून घेतो. सातच्या सुमाराला."

"सात," ती म्हणाली. "तिथे फोन लागतो का हो?"

"छे," सर दोराला गाठ मारत म्हणाले. "फोन लागत असता तर पत्रं कशाला?"